चार पिनांचा हिशेब

धावपटूच्या छातीवरचा क्रमांक चार सेफ्टी पिनांनी लावायचा असतो, हे मला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हते. दोन पिनांवर भागवले, तर त्या क्रमांकाची खालची कड वाऱ्याने फडफडत राहते आणि पळणाऱ्याला पहिल्या शंभर मीटरमध्येच तिचा वैताग येतो. पुढे एक क्रमांक आणि पाठीवर एक, म्हणजे माणशी आठ पिना; आठ जणांच्या एका शर्यतीला चौसष्ट. हा हिशेब मी ऑक्टोबर २००८ मध्ये बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या एका कोंदट खोलीत शिकले. त्या महिन्यात, १२ ते १८ तारखेदरम्यान, पुण्यात तिसरी राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा भरली होती आणि कॉलेजातल्या पुष्कळ मुलामुलींप्रमाणे मीही तिथे स्वयंसेवक होते.

माझी नेमणूक कॉल रूममध्ये होती. शर्यतीला उतरण्यापूर्वीची ही शेवटची खोली. खेळाडू इथे येतात, यादीशी त्यांचे नाव ताडून पाहिले जाते, बुटांचे स्पाइक्स तपासले जातात (सिंथेटिक ट्रॅकवर ते ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत, उंच उडी आणि भालाफेकीला मात्र १२ मिलिमीटरपर्यंत मुभा असते), पिशवीवर एखाद्या कंपनीचे नाव फार मोठे असेल तर त्यावर चिकटपट्टी मारली जाते आणि मग सगळ्यांना एका रांगेत मैदानावर नेले जाते. सोळा-सतरा वर्षांची ती मुले त्या खोलीत एकमेकांशी जवळजवळ बोलतच नसत. कुणी डोळे मिटून बसे, कुणी बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा सोडून बांधे. मैदानावरचा गलका भिंतीपलीकडून दबलेला ऐकू येई आणि खोलीत फक्त मलमाचा उग्र वास आणि पंख्याची घरघर.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिना संपल्या. कुणी किती मागवल्या होत्या आणि त्या कुठे अडकल्या होत्या, हे कळायला मार्ग नव्हता. वॉकी-टॉकीवर "पाठवतो, पाठवतो" एवढेच बराच वेळ ऐकू येत होते. मी रडकुंडीला आलेली पाहून एका लहानशा बेटावरून आलेल्या पथकाचे वयस्कर प्रशिक्षक पुढे झाले आणि त्यांनी खिशातून पेपरमिंटची एक पत्र्याची डबी काढली. ती पिनांनी गच्च भरलेली होती. त्यांचे स्वतःचे धावपटू दोनच होते. आम्ही कुठेही गेलो तरी पिना घरून घेऊन निघतो, असे त्यांनी मला अगदी सहज सांगितले आणि डबी माझ्याकडेच ठेवायला दिली. संध्याकाळी ती परत करायला मी त्यांना शोधले, पण गर्दीत ते सापडले नाहीत.

त्या आठवड्यात माझ्या हातातून रोज ज्या याद्या गेल्या, त्यांनी मला भूगोल नव्याने शिकवला. ७१ देश-प्रदेशांची पथके आली होती. त्यांतली कितीतरी नावे मी पहिल्यांदा वाचत होते आणि ती मोठ्याने पुकारायची असल्यामुळे आधी दोनदा मनात म्हणून पाहत होते. ग्रेनाडा हे असेच एक नाव. कॅरिबियन समुद्रातला जेमतेम लाखभर वस्तीचा हा देश. तिथून आलेल्या किराणी जेम्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने बालेवाडीच्या ट्रॅकवर ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्या दिवशी टाळ्या पडल्या, पण स्टेडियममध्ये बहुतेकांचे लक्ष भारतीय मुले कुठल्या गल्लीत आहेत इकडेच होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माझेही. चार वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये त्याच मुलाने ४३.९४ सेकंदांत ४०० मीटर जिंकली आणि ग्रेनाडाला त्याच्या इतिहासातले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले. मी घरात टीव्हीसमोर ताडकन उठून उभी राहिले. घरच्यांना काय झाले ते कळेना. हे नाव आपल्या हातातल्या कागदावर होते, हे त्यांना कसे सांगणार!

स्पर्धा संपली तेव्हा भारत पदकतक्त्यात पहिला होता. ३३ सुवर्णांसह एकूण ७६ पदके. वर्तमानपत्रांनी तो तक्ता चौकटीत छापला आणि आमच्या घरी तो कापून ठेवला गेला. कोल्हापूरच्या राही सरनोबतने पिस्तूल नेमबाजीत सुवर्ण मिळवले होते, बॅडमिंटनमध्ये सायना नेहवालने. राहीने पुढे २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकले आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या कात्रणाचा मला अजूनही अभिमान आहे. तरीही एवढ्या वर्षांत मला असे वाटू लागले आहे की अशा लहान, प्रादेशिक किंवा युवा स्पर्धांमध्ये जपून ठेवण्याजोगा कागद पदकतक्ता नसतो. तो शर्यत सुरू होण्यापूर्वी टाइप झालेली नावांची यादी हा असतो. आपण, म्हणजे भारतीय प्रेक्षक, तो दुसरा कागद कधी वाचतच नाही.

दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचेच पाहा. १९८४ मध्ये काठमांडूला ती सुरू झाली तेव्हा जेमतेम पाच खेळ होते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान आणि मालदीव हे सात देश; पुढे काही काळ अफगाणिस्तानही आला आणि नंतर बाहेर पडला. आमच्या लहानपणी तिला ‘सॅफ गेम्स’ म्हणत. तेव्हापासून २०१९ पर्यंत तेरा वेळा ही स्पर्धा झाली आणि तेराही वेळा भारत पहिला आला. २०१९ मध्ये काठमांडूत भारताने १७४ सुवर्णपदकांसह ३१२ पदके मिळवली. दुसऱ्या क्रमांकावर यजमान नेपाळ होता, ५१ सुवर्णांसह. तिसरा श्रीलंका, ४० सुवर्णांसह. १४० कोटींच्या देशाने पाच लाखांच्या मालदीवला आणि आठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या भूतानला मागे टाकले, ही बातमी कशी करायची, असा प्रश्न उपसंपादकाला पडत असणार. म्हणून ती आतल्या पानावर तीन ओळींत येते. शेवटच्या दिवशी तक्ता छापला जातो आणि पुन्हा तीन-चार वर्षे कुणाला त्या स्पर्धेची आठवण होत नाही.

वाड्यातल्या मुलांमध्ये जो दोन वर्षांनी मोठा असतो, तो प्रत्येक डाव जिंकतो आणि म्हणून काही दिवसांनी त्याला खेळायचा कंटाळा येतो. आपले तसे झाले आहे. दर वेळी कुठे ना कुठे असा सूर लागतो की आपण इथे आपले चांगले खेळाडू पाठवून वेळ का घालवायचा, दुसरी फळी पाठवावी, किंवा काही खेळांत जाऊच नये. दुसरी फळी पाठवण्याला माझी हरकत नाही. उलट ही स्पर्धा तरुणांचीच असावी. पण दुसरी फळी म्हणून पाठवणे आणि दुय्यम समजून पाठवणे यांत फरक आहे, आणि तो पथकाच्या तयारीत, सोबतच्या माणसांत, अगदी विमानाच्या वेळेतही दिसतो.

२०१६ ची स्पर्धा फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँगला झाली. भारताला तीनशेहून अधिक पदके मिळाली. ती कुणाला आठवत असतील असे मला वाटत नाही. मात्र त्या स्पर्धेतल्या पुरुषांच्या भालाफेकीची यादी आज काढून पाहिली, तर अंगावर काटा येतो. त्यात हरियाणाचा अठरा वर्षांचा नीरज चोप्रा होता, त्याने ८२.२३ मीटर भाला फेकून राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी केली आणि सुवर्ण जिंकले. त्याच यादीत पाकिस्तानातल्या पंजाबमधून आलेला, एका गवंड्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता, अर्शद नदीम. त्याने ७८.३३ मीटर फेक केली आणि कांस्य घेतले. पदकतक्त्यात या सगळ्याची नोंद भारताच्या रकान्यात एक आणि पाकिस्तानच्या रकान्यात एक, इतकीच. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नीरजने टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पॅरिसमध्ये अर्शदने ९२.९७ मीटरची अचाट फेक करून सुवर्ण जिंकले, तर नीरजला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळाले. जगातले पहिले दोन भाले त्या रात्री दक्षिण आशियातून आले होते.

मधल्या एका दुव्याचा विसर पडू नये. २०१९ च्या काठमांडूच्या स्पर्धेत, कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे नीरज नसताना, अर्शदने ८६.२९ मीटर फेक केली आणि तिच्याच जोरावर तो टोकियो ऑलिंपिकसाठी थेट पात्र ठरला. ज्या स्पर्धेला आपण आतल्या पानावरच्या तीन ओळी देतो, ती कुणासाठी तरी ऑलिंपिकचा दरवाजा असते.

आणि हे परक्यांपुरतेच आहे असेही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने त्याच गुवाहाटीत मॅरेथॉन जिंकली, २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत, आणि रिओचे तिकीट मिळवले. पाण्याचे हंडे वाहण्यासाठी डोंगरवाट चढणाऱ्या पाड्यावरची ही मुलगी. तिला आपण ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून डोक्यावर घेतले ते योग्यच केले, फक्त ती ऑलिंपिकला कुठल्या फलाटावरून निघाली हे विचारायचे राहून गेले.

त्याच दिवशी पुरुषांची मॅरेथॉन भारताच्या नितेंद्रसिंह रावतने २ तास १५ मिनिटे १८ सेकंदांत जिंकली. ही वेळ वाचून मी चमकले, कारण मला बैकुंठ मानंधर आठवले. नेपाळचे हे धावपटू पहिल्या तीनही स्पर्धांचे मॅरेथॉन विजेते, आणि १९८७ मध्ये कोलकात्यात त्यांनी नोंदवलेली वेळ होती २ तास १५ मिनिटे ३ सेकंद. म्हणजे एकोणतीस वर्षांनंतर, आधुनिक बूट, आहारतज्ज्ञ आणि शिबिरे यांच्या साहाय्याने, एवढ्या मोठ्या देशाचा सर्वोत्तम धावपटू बैकुंठांच्या पंधरा सेकंद मागे राहिला. रावत यांची धाव उत्तमच होती, तिला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण पदकतक्ता ही पंधरा सेकंदे दाखवत नाही.

तक्ता आणखीही काही लपवतो. २०१९ मध्ये बांगलादेशाने एकूण १९ सुवर्णपदके जिंकली, त्यांतली १० तिरंदाजीतली होती. तिरंदाजीची सगळीच्या सगळी दहा. भारतीय तिरंदाजी संघटनेवर जागतिक संघटनेची बंदी असल्यामुळे आपले तिरंदाज तिथे नव्हतेच. ढाक्यात जल्लोष झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण समोर कोण नाही हे पाहून कुणी नेम धरत नाही. मला वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. बांगलादेशाचे तिरंदाज तेव्हा खरोखर चांगले होते; त्यांच्या रुमान सानाने त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून टोकियोची जागा पक्की केली होती. भारताचा संघ आला असता तर त्या दहा लढती बघण्याजोग्या झाल्या असत्या, आणि कदाचित त्यांतल्या काही बांगलादेशाने जिंकल्याही असत्या. आपल्या घरच्या भांडणापायी आपण शेजाऱ्याचा विजय अर्धा करून ठेवला.

फुटबॉलमध्ये ही अडचण नाही, तिथे आपण पुरेसे हरतो. गुवाहाटीतच अंतिम सामन्यात नेपाळने आपल्याला २-१ असे हरवले. कबड्डीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात तर भारत-पाकिस्तान अशी लढत ९-८ इतक्या चिंचोळ्या गुणसंख्येवर संपली; ज्यांनी मॅटवरची आजची झगमगती कबड्डी पाहिली आहे, त्यांना चाळीस मिनिटांत एकूण सतरा गुण ही कल्पनाच करता येणार नाही. दोन्ही बाजू चढाईला गेल्या की जणू विहिरीच्या काठावरून वाकून पाहावे तसे पाऊल टाकत असणार.

मराठी माणसाला हा मुद्दा पटायला खो-खोइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाचे नियम बांधले आणि नंतर शंभर वर्षे तो आपण आपसातच खेळत राहिलो: पुणे, सांगली, ठाणे, सोलापूर. कितीही चपळ असलो तरी घरच्या अंगणातच. २०१६ मध्ये गुवाहाटीला खो-खो दक्षिण आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा आला आणि भारताने दोन्ही सुवर्णे घेतली, २०१९ मध्येही घेतली. हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते असे की नेपाळने हा खेळ मनावर घेतला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा महिला आणि पुरुष अशा दोन्ही अंतिम सामन्यांत भारतासमोर नेपाळच होता. प्रियांका इंगळेच्या संघाने ७८-४० असा सामना जिंकला, प्रतीक वाईकरच्या संघाने ५४-३६ असा. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पण खो द्यायला नऊ जण आपले असले, तरी पळायला समोरचे हवेत, आणि ते समोरचे शेजारून येतात.

युवा स्पर्धांची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे देशाआधी जन्मतारीख येते. महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीपर्यंत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, हे सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख सोयीची पाहिली ती लावली. माझ्या वडिलांचा आणि त्यांच्या दोन्ही भावांचा वाढदिवस १ जूनच. घरात ही गंमत असते, मैदानावर ती गंमत राहत नाही. ‘अठरा वर्षांखालील’ या दोन शब्दांवर अख्खी स्पर्धा उभी असते. २०१३ मध्ये चीनमधल्या नानजिंगला आशियाई युवा स्पर्धा झाली, तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्यामुळे आपली मुले तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली चालली, आणि त्यात भर म्हणून वयाच्या निकषावरून काही अ‍ॅथलीट्सना तिथे पोहोचूनही मैदानात उतरता आले नाही. या दोन्ही गोष्टींत त्या मुलांचा काय दोष होता? कागद मोठ्यांचे होते.

वय हाच मुद्दा असल्यामुळे मला स्पर्धा पुढे ढकलण्याची बातमी सर्वांत जास्त लागते. २०१९ नंतरची दक्षिण आशियाई स्पर्धा पाकिस्तानात व्हायची होती. ती एकदा पुढे गेली, मग पुन्हा, मग पुन्हा. देशांच्या दृष्टीने ही एक तारीख असते आणि तिची कारणे राजकारणात, सुरक्षिततेत, पैशांत असतात. ती सगळीच कारणे खोटी असतात असे मी म्हणणार नाही. पण २०१९ मध्ये जी मुलगी सतरा वर्षांची होती, तिचे धावण्याचे वय कुणी पुढे ढकललेले नाही. मालदीवच्या हसन सईदने काठमांडूत १०० मीटर १०.४९ सेकंदांत जिंकली आणि त्या स्पर्धेतले मालदीवचे एकमेव सुवर्ण नेले. ऑलिंपिकमध्ये त्या वेळेची कुणी दखल घेणार नाही. दक्षिण आशियात मात्र त्या दिवशी त्याच्यापेक्षा वेगाने कुणी धावले नव्हते, १४० कोटींतलेही. हे सिद्ध करण्याची जागा त्याला एकच होती.

गेल्या हिवाळ्यात माझी भाची शाळेच्या संघातून ८०० मीटर धावायला बालेवाडीला जाणार होती, म्हणून मी आणि माझा भाऊ तिच्यासोबत गेलो. बाणेरपासून पुढचा रस्ता मला ओळखूच आला नाही. २००८ मध्ये जिथे त्या युवा स्पर्धेचा शुभंकर असलेल्या ‘जिगर’ वाघाचे फलक माळरानावर एकटे उभे होते, तिथे आता चोवीस-चोवीस मजल्यांच्या इमारती आहेत. मैदानाच्या फाटकाशी पालकांची झुंबड, शिट्ट्या, वडापावचा वास, आणि एका टेबलावर क्रमांक वाटणारे दोन घामाघूम शिक्षक. भाचीला क्रमांक मिळाले, त्यांच्यासोबत चार पिना मिळाल्या. आणखी मागितल्यावर शिक्षकांनी हात जोडले.

मी पर्समधून पत्र्याची डबी काढली. तिच्यावरची पेपरमिंटची हिरवी अक्षरे आता पुसट झाली आहेत, झाकण जरा वाकडे बसते.

"आत्या, किती घेऊ?" भाचीने विचारले.

"तुला चार," मी म्हटले, "आणि तुझ्या शेजारच्या गल्लीत कोण आहे, तिलाही विचारून ये."